रस्त्याकडे तोंड करून

ह्यांना कालवं हवी होती आणि मला माणसं. पिंपरीकडे आमचा संसार सुरू झाला तेव्हा आम्हा दोघांच्या मागण्या एवढ्याच होत्या, आणि त्यांतली एकही पुरी होत नव्हती.

ह्यांचं दुखणं समजायला सोपं होतं. देवगडच्या बाजूला खाडीकाठी वाढलेला माणूस. मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या माळावर औषधाचा नवा कारखाना सुरू झाला, तिथे बॉयलरवर ह्यांना काम लागलं. कामाबद्दल तक्रार नव्हती. पण जेवायला बसले की भाकरी-पिठलं बघून "बरं आहे" म्हणायचे, आणि ते "बरं आहे" मला शिवीपेक्षा जास्त लागायचं. त्यांच्या जिभेवर कालवं बसली होती. कालवं म्हणजे खाडीतल्या खडकांना घट्ट चिकटून वाढणारी शिंपली. ओहोटी लागली की बायका कमरेत वाकून कोयतीने ती फोडतात, आतलं मांस काढतात, बोटं कापून घेतात आणि घरी येऊन रांधतात. पुरुष ती खातात आणि झकास झाली म्हणतात. एवढीच त्या पदार्थाची कृती.

माझं दुखणं मात्र सांगितलं तर लोक हसतील असं होतं. मला माणसं बघायला लागतात. बोलायला मिळाली नाहीत तरी चालतील, बघायला हवीत. माहेरी आमच्या पडवीसमोरून धक्क्याकडे जाणारी वाट होती. होडीतून कोण उतरलं, कोणाच्या हातात काय आहे, कोण कोणाला टाळून पुढे गेलं, हे बघत मी तांदूळ निवडायची आणि तांदळात खडे राहिले म्हणून आईचे धपाटे खायची. चिंचवडात आमची खोली म्हणजे एका शेतकरी घराने शेताच्या कडेला बांधलेल्या चार खोल्यांतली शेवटची. दार उघडलं की समोर एका कोठाराची पाठ. तिला खिडकीसुद्धा नव्हती. वारा कारखान्याकडून असला की आंबलेल्या पेजेसारखा वास यायचा, आणि दिवसातून एकदा मालकिणीची शेळी यायची. मी तिला बघायची, ती मला बघायची. तिला माझा कंटाळा आधी आला.

आमच्याकडची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नवऱ्याने नोकरीला जायचं आणि बायकोने सासरी राहायचं. तो गणपतीला आणि शिमग्याला घरी येणार, ती शेत, गुरं आणि सासू-सासरे सांभाळणार. लग्नानंतर मीही तशीच राहिले. मग खाणावळीचं जेवून ह्यांना कावीळ झाली, आणि दोन घास धड मिळावेत म्हणून मला पाठवायचं ठरलं. तेही बोलीवर. भातकापणी उरकली की जायचं आणि शिमग्याला परत यायचं. शेजारणीला उसनं पीठ देतात तसं सासूबाईंनी मला दिलं होतं.

मला परत जायचं नव्हतं. सासूबाई वाईट होत्या म्हणून नव्हे. त्या अबोल होत्या, करड्या होत्या, पण माझ्या वाटचं दूध त्यांनी कधी कमी केलं नाही. खरी गोष्ट अशी की लग्नाला काही वर्षं झाली होती आणि नवरा मला चिंचवडात येऊन कळला. हा माणूस दाढी करताना भजन म्हणतो, अंधाराला थोडा भितो आणि चूक झाली की कान चोळतो, हे मला सासरी कोण सांगणार होतं? पण माझा उतरलेला चेहरा बघून ह्यांनी वेगळाच अर्थ काढला. इथे तू एकटी झुरतेस, गावी माणसांत बरी राहशील, असं एकदा म्हणाले. आईच्या शब्दापुढे तोंड उघडायचं त्यांना तसंही जड होतं. तेव्हा मला इथे करमतं हे ह्यांना दिसायला हवं होतं, आणि त्यासाठी मला इथे खरोखर करमायला हवं होतं.

मग आमचा शोध सुरू झाला. दर रविवारी निघायचं आणि अशी एखादी जागा हुडकायची जिथे ह्यांच्यासाठी कालवं असतील आणि माझ्यासाठी वर्दळ.

पहिलीच बातमी ह्यांनी कारखान्यातून आणली. फाळणीनंतर सिंधी लोकांना वसवलं होतं त्या कॅम्पात एका दुकानी मुंबईहून शिंपल्यांची पोती येतात. आम्ही पिशवी आणि झाकणाचं भांडं घेऊन चालत गेलो. दुकानदार भला माणूस. त्याने पोत्याचं तोंड सोडलं तर आत वाळलेला, कुटलेला, पांढरा चुरा. कोंबड्यांना घालायचा. मुर्ग्या किती आहेत, असं त्याने ह्यांना विचारलं. हे कान चोळत म्हणाले, दोन. त्याला दया आली. दोन मुठी चुरा पुडीत बांधून त्याने तसाच दिला आणि अंडी मोठी होतील असा भरवसाही दिला. परत येताना मी इतकी हसले की रस्त्यातल्या बायका थांबून बघायला लागल्या. पुडी मालकिणीच्या कोंबड्यांना गेली.

मग पुणं झालं. तिथल्या एका हॉटेलात खाडीचा माल मिळतो असं ऐकून गाडीने गेलो. त्या काळी बाई बरोबर दिसली की हॉटेलवाले तुम्हाला फॅमिली रूममध्ये घालत. फॅमिली रूम म्हणजे लाकडी फळ्यांचा खण आणि त्याला मळका हिरवा पडदा. बाहेर माणसं हसतायत, कपबश्या वाजतायत, कोणीतरी तावातावाने भांडतंय, आणि मी पडद्याकडे तोंड करून बसलेली. मी बोटाने पडदा थोडा सारला. वेटरने येऊन तो अदबीने परत ओढला. मी पुन्हा सारला, त्याने पुन्हा ओढला. कालवांच्या नावाने बोंबील आले. ह्यांना निदान बोंबील मिळाले, मला नुसताच पडदा.

एक रविवार पिंपरी स्टेशनच्या बाकावर काढला. तिथे माणसं होती, पण गाडी आली की सगळी एकदम यायची आणि गाडी गेली की सगळी एकदम जायची, मधे फक्त पाणी मारलेला फलाट. कुठे जायचंय, असं मास्तरांनी विचारलं. कुठेच नाही, असं ह्यांनी खरं ते सांगितलं. मास्तर लांबून नजर ठेवून राहिले. माणसं बघायला गेलो आणि आम्हालाच बघणारा माणूस मिळाला.

शेवटी सापडलं ते काखेत कळसा असल्यासारखं. ज्या दुकानातून आम्ही रॉकेल आणायचो त्याच्यापुढे चार पावलांवर पिठाची गिरणी होती आणि तिच्या शेजारी सायकलचं दुकान. त्या दोघांच्या मधे एक फट होती. फटच म्हणायची, कारण तिला खोली नव्हतीच. गिरणीच्या भिंतीला पत्र्याचं छप्पर टेकवलेलं, भिंतीलगत बसायला एक लांब फळी आणि पुढ्यात पान ठेवायला दुसरी अरुंद फळी. बसलं की पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याला. टेबल मावत नव्हतं, समोरासमोर बसायची सोयच नव्हती. गिरणी चालू असली की दोन्ही फळ्या थरथरायच्या आणि पाण्याच्या तांब्यात बारीक लाटा उठायच्या. तिथे अलिबागकडची एक विधवा बाई खाणावळ चालवायची. तिला सगळे मावशी म्हणत. त्या दिवशी आम्ही रॉकेलचा डबा घेऊन परत फिरलो आणि ह्यांचे पाय रस्त्यातच थांबले. निखाऱ्यांवर कालवं भाजत होती. वासाने ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं असं ते आजही म्हणतात.

मावशींचा भाऊ मुंबईला बंदरावर कामाला होता. थंडी सुरू झाली की तो दर आठवड्याला कालवांचं एक पोतं ओलं करून गाडीत चढवून द्यायचा. शिंपलं मिटलेलं असेपर्यंत आतला जीव जिवंत असतो आणि पोतं ओलं राहिलं की दोन-तीन दिवस निभावतं. मावशी ती शिंपल्यासकट निखाऱ्यावर ठेवायच्या. तोंड थोडं उघडलं की पळसाच्या पानावर यायची, सोबत एक बोथट सुरी आणि कोकमाच्या आगळात कालवलेली मिरची. भाकरी तांदळाची. ह्यांनी पहिलं कालव खाल्लं. "बरं आहे" म्हणाले नाहीत, तेव्हाच मी समजले.

आणि माझ्यासमोर अख्खा रस्ता होता, पडदा नसलेला. थेरगाव-चिखलीकडून भाजीच्या गाड्या यायच्या. कॅम्पातल्या बायका एका काकडीसाठी भांडून जिंकायच्या आणि तीच काकडी पुढे भेटलेल्या मैत्रिणीला देऊन टाकायच्या. सातारा-नगरकडून आलेली पोरगेली माणसं वळकटी खांद्यावर घेऊन कारखाना कुठे म्हणून विचारायची आणि उत्तर ऐकून झालं तरी थोडा वेळ तिथेच उभी राहायची. थोड्याच आठवड्यांत मला चालण्यावरून पाळी ओळखता यायला लागली. पहिल्या पाळीचा माणूस घाईने चालतो, तिसऱ्या पाळीचा पाय मोजून टाकतो. एकदा एका शेतकऱ्याने बैल थांबवले आणि खाली वाकून आमच्या पानांकडे बघितलं. "ह्ये दगड खाताय व्हय तुमी?" मावशींनी त्याला एक कालव उघडून दिलं. त्याने खाल्लं, बराच विचार केला आणि म्हणाला, "आमच्या दगडात न्हाई निघत असलं काय." मग गेला बिचारा.

पण त्या फळीची मोठी गोष्ट माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मी ह्यांच्याबरोबर जेवत होते. घरी मी ह्यांना वाढायची, त्यांचं झालं की त्यांच्याच ताटात आपलं घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून जेवायची. आईने तसंच केलं, सासूबाईंनी तसंच केलं, त्यात कोणी कोणावर जुलूम करत होतं असंही नव्हतं. नवऱ्याच्या समोर बसून घास घ्यायचा म्हणजे मला ओशाळल्यासारखं झालं असतं. मावशींच्या फळीवर समोर कोणी नव्हतंच. हे शेजारी होते, खांद्याला खांदा लागून, आणि दोघं रस्ता बघत होतो. जेवता जेवता बोललोही. मी माणसं दाखवायची, हे हसायचे. खोलीत आम्ही महिन्यात जेवढं बोललो नसू तेवढं त्या फळीवर एका दुपारी बोललो. मी सुखात होते. ते ह्यांना दिसलं. पण शिमगा जवळ येत होता, आणि सासूबाईंना लिहायला ह्यांचा हात उठत नव्हता.

शिमग्याच्या आधी मामंजी, म्हणजे माझे सासरे, आले. बोटीने मुंबई आणि तिथून गाडीने. का आले ते बोलले नाहीत. कारखाना बघितला, नदी बघितली, मालकिणीच्या शेळीचीसुद्धा चौकशी केली. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. पण माझी ट्रंक कोपऱ्यात होती आणि त्यांची नजर सारखी तिच्याकडे जात होती. रविवारी हे त्यांना मावशींकडे घेऊन निघाले आणि मलाही चल म्हणाले. मी चपला घातल्या खऱ्या, पण तिथे पोचल्यावर पायच अडले. सासऱ्यांसमोर सून बसून जेवते, हे आमच्या गावात कोणी ऐकलंसुद्धा नसतं. मामंजी अवघडले, हे कान चोळायला लागले, मी पदर सावरत सायकलच्या दुकानापाशी उभी. मावशींनी निखारे फुंकता फुंकता वर न बघता सांगितलं, "बसा तिघं. इथे कोणी कोणाच्या समोर बसत नाही. समोर रस्ता आहे."

मामंजी एका टोकाला बसले, हे मधे, मी पलीकडे.

हे शिंपली उघडून देत होते आणि मामंजी खात होते. मग रस्त्यावरून एक माणूस आला. कडक इस्त्रीचा सदरा, तेल लावून बसवलेले केस. कॅम्पाच्या गल्लीशी थांबून त्याने रुमाल काढला आणि चपला पुसल्या. मामंजी रस्त्याकडे बघत म्हणाले, ह्याला मुलगी बघायला जायचं आहे. मला राहवलं नाही. त्या माणसाला मी दर रविवारी बघत होते आणि मावशींकडून त्याच्या आजारी आईची हकीकत ऐकली होती. "नाय मामंजी," मी म्हटलं, "तो आजारी आवशीक भेटूक जाता. जाताना चपला पुसता, येताना डोळे."

बोलून गेले आणि जीभ चावली. सासऱ्यांशी न विचारता बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. ह्यांची सुरी हवेत थांबली. मामंजींनी मान वळवली नाही. त्यांनी वाट बघितली. आमची कालवं संपायच्या सुमारास तो माणूस परत आला, रुमालाने डोळे टिपत. मामंजींनी हुंकार दिला आणि मग पलीकडून जाणाऱ्या एका बाईकडे बोट करून विचारलं, आणि ही कोण? मी सांगितलं. मग त्यांनी आणखी एकाबद्दल विचारलं. धक्क्यावर बसून माणसं बघणं हा त्यांचा जन्माचा छंद होता, हे मला त्या दिवशी कळलं. एकाच घरात राहून आम्हाला एकमेकांचा हा रोग ठाऊक नव्हता.

मी शेवटचं शिंपलं उघडलं, त्याचा कट्ट असा आवाज झाला, आणि मामंजी एकदम थांबले. मग रस्त्याला सांगावं तसे म्हणाले, "येवढी वर्सां झाली. तुझी सासू जेवताना कशी दिसता, माका म्हायत नाय."

गिरणी चालू होती, ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी मामंजी एकटेच गेले. गाडीत चढताना ह्यांना म्हणाले, हिला इथेच राहू दे असं मी तुझ्या आईला सांगतो, पण ती ऐकेल असं धरून चालू नका. मी ट्रंक भरायला घेतलीच नाही. शिमगा गेला. गावाहून काही निरोप आला नाही, आणि आमच्या गावात निरोप न येणं हा चांगला शकुन मानत नाहीत.

चैत्रात सासूबाई स्वतः आल्या, मामंजींना बरोबर घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसल्या होत्या आणि वाटेत दोनदा ओकल्या होत्या, पण खोलीच्या दारात उभ्या राहिल्या त्या ताठ. त्यांनी भांडं लपवलं नाही. पाणी प्यायल्या, उंबऱ्याशी टेकल्या आणि दोन्ही हात पुढे करून मला दाखवले आणि ह्यांना म्हणाल्या, "माझी बोटां आता वळणत नाय. हिका न्हेवक इलंय." बोटांची पेरं सुजून गाठाळली होती, त्यांवर कालवांच्या धारेचे जुने पांढरे व्रण. त्या हातांशी मी काय भांडणार? मला वाईट वाटलं, स्वतःसाठी आणि त्यांच्यासाठी दोन्ही, आणि मी मुकाट्याने लुगड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. ह्यांनी आईपुढे दोन वाक्यं जुळवायचा प्रयत्न केला. पहिलं वाक्य अर्धं झालं आणि दुसरं सुरूच झालं नाही. ट्रंक दोरीने बांधली. सकाळच्या गाडीने निघायचं ठरलं.

त्या संध्याकाळी मावशींकडे चला असं मामंजींनीच काढलं. हंगाम संपत आला होता, पोतं बहुधा शेवटचंच होतं. बाजारात बसून जेवायचं म्हटल्यावर सासूबाईंनी नाक मुरडलं. तिथे पोचल्या तर फळीकडे पाठ करून खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मावशींनी त्यांनाही तेच सांगितलं, समोर रस्ता आहे. सासूबाईंनी रस्ता खालीवर बघितला, जणू त्याच्यात काही खोट निघते का ते तपासलं, आणि अंग चोरून बसल्या. एका टोकाला हे, मग मी, मग सासूबाई, आणि दुसऱ्या टोकाला मामंजी.

पानं आली, कालवं आली, आणि सासूबाईंच्या हातांनी आपसूक सुरी उचलली. गाठाळलेल्या बोटांनी त्यांनी एक शिंपलं उघडलं आणि मामंजींच्या पानावर ठेवलं. दुसरं उघडलं, माझ्यावरून हात लांबवून ह्यांच्या पानावर ठेवलं. तिसरं पुन्हा मामंजींना. त्यांचं स्वतःचं पान कोरडं होतं. मी माझी सुरी खाली ठेवली.

चौथ्या शिंपल्याला मामंजींनी त्यांचा हात धरला. "हय दी," म्हणाले, आणि सुरी काढून घेतली.

मामंजींनी जन्मात कालव उघडलेलं नव्हतं. सुरी कुठे घालायची तेच त्यांना कळेना. ती दोनदा घसरली, अंगठ्याला लागली, रक्त आलं. त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि परत सुरी घातली. शेवटी शिंपलं उघडलं, अर्धं फुटून, कवचीचे तुकडे आत पडून. ते तुकडे त्यांनी एकेक करून नखाने वेचले आणि कालव सासूबाईंच्या पानावर ठेवलं. मग सरळ रस्त्याकडे बघत म्हणाले, "खा. कोण बघणा नाय."

खरंच कोणी बघत नव्हतं. ह्यांनी रस्त्यावरच्या एका ट्रकवर नजर लावली होती. मी समोरच्या झाडाची पानं बघत होते आणि कान मात्र शेजारी होते. मग शिंपलं ओठांना लागल्याचा बारीक आवाज झाला.

मामंजींनी दुसरं उघडलं. ते जरा बरं उघडलं. सासूबाईंनी तेही खाल्लं. मग त्या म्हणाल्या, आम्हाला कोणाला नव्हे, रस्त्यालाच म्हणाल्या असतील, "जल्मभर कालवां फोडलंय. दुसऱ्यान फोडून दिलली आज पयल्यांदा खाल्लंय."

मला वाटलं मामंजी आता काहीतरी हलकं बोलून वेळ मारून नेतील. तेवढं त्यांना छान जमायचं. पण ते म्हणाले की पुढच्या ओहोटीपासून खडकावर ते जातील. सासूबाई चटकन म्हणाल्या, लोक हसतले. पुरुष कमरेत वाकून बायकांच्यात कालवं फोडतोय, हे चित्र माझ्याही डोळ्यांपुढे आलं आणि गावात काय हसू होईल तेही ऐकू आलं.

"हसांदेत," मामंजी म्हणाले आणि तिसरं शिंपलं घेतलं.

सासूबाईंनी पान जवळ ओढलं. पानावर पडेल ते सावकाश खात राहिल्या. इतकं सावकाश जेवताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, म्हणजे जेवतानाच कधी बघितलं नव्हतं. भाजीच्या गाड्या रिकाम्या होऊन परत चालल्या होत्या. कारखान्यातून सुटलेली माणसं सायकलींवरून पांगत होती. पान संपल्यावर त्यांनी ते दुमडलं, हात धुतले आणि ह्यांना म्हणाल्या, "घराक गेलंव काय हिची ट्रंक सोड."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. समोर रस्ताच तर होता.

दुसऱ्या सकाळच्या गाडीने ती दोघंच गेली. सासूबाईंनी निघताना मला हात पुढे करायला लावले. पिशवीतून कोकमं काढून माझ्या ओंजळीत दिली आणि डब्यात चढल्या. खिडकीशी मामंजी बसणार होते. त्यांना सरकवून त्या बसल्या.

पुढच्या शिमग्याला आम्ही गावी गेलो. मामंजींच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. धक्क्यावर त्यांना काय काय नावं पडली होती ती गावाने आम्हाला पोचल्या पोचल्या सांगितली, आणि मामंजींनी त्यांत आणखी एका नावाची भर घातली. मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेले, पुरुषांची पानं वाढायला. तिथे दोन पाट मांडलेले होते. आमच्या घरात मांडायचे तसे, एक ओटीवर आणि एक चुलीपाशी, असे नव्हते. शेजारी शेजारी होते, आणि दोन्हींची तोंडं मागच्या उघड्या दाराकडे, जिथून खाडीकडे जाणारी वाट दिसते.

मी तशीच उभी राहिले. सासूबाई चुलीवरून भात उतरवत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाटांकडे बघितलं आणि जराशा चिडूनच म्हणाल्या, "बघतंस काय? तुमचे दोन पाट घे आणि हय बाजूक मांड. वाट दिसात असे मांड."